बेंजोवाल्याचे कान

माझ्या लग्नाच्या मिरवणुकीत बेंजो माझ्या नवऱ्यानेच वाजवला. लोकांना खोटं वाटतं, पण तसंच झालं. ह्यांच्या जागी त्या दिवशी पेणचा कुणी उसना वादक आणला होता आणि देवळाच्या वळणावर त्याची बोटं अडखळली. तसं ह्यांनी मुंडावळ्या कानामागं टाकल्या, हातगाडीशी गेले, त्याच्या हातातली पत्ती काढून घेतली आणि लागले वाजवायला. माझी आई दारात आरतीचं ताट घेऊन उभी. मला म्हणाली, "गो बाय, नवरा कुटं हाय? ह्यो तर बाजेवाला आला!"

मी वरश्याची. रोह्याला लागूनच आहे वरसे. दिली पेणच्या खाडीकडच्या गावात, धरमतरच्या अंगाला. मागचं दार उघडलं की समोर मिठागरं. सकाळी मिठागरात मीठ ओढायचं आणि दुपारनंतर लग्नात बेंजो वाजवायचा, असं ह्यांचं चालायचं. हाताला मिठाच्या भेगा असायच्या. त्या भेगांत तार घुसली की बघवायचं नाही, पण ह्यांना त्याचं काही नाही.

बेंजो म्हणजे काय ते सांगते, कारण आता तो कुणाच्या घरात दिसत नाही. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पत्तीनं तारा छेडायच्या. पत्ती तेलाच्या डब्याची कापलेली. बेंजोतून वायर मशीनमध्ये, मशीन बॅटरीवर, आणि मशीनमधून आवाज भोंग्यात. भोंगा हातगाडीवर बांधलेला, बरोबर ह्यांच्या डोक्याच्या उंचीला. सोबत ढोलकी, ताशा आणि खुळखुळा. झाली पार्टी. ह्यातलं कुणीही कुणाकडं शिकलेलं नव्हतं. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि बोटांनी शोधत बसायचं. शुद्ध-बिद्ध काही नसायचं. माझे सासरे म्हणायचे, "ह्यांचं गाणं कानानं ऐकायचं नाय, पोटानं ऐकायचं." आणि खरंच, गाडी दारावरून गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची.

आमची पार्टी ह्यांनी आणि ढोलकीवाल्या भावोजींनी मिळून काढली. भावोजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांनी मिसरूड फुटल्यापासून एकत्र वाजवलं. गावागणिक पार्ट्या निघायच्या आणि दोन हंगामांत मोडायच्या. कुणाचं भांडण, कुणाची दारू, कुणी मुंबईला गेला. आमची मोडली नाही. डोलवीला कंपनी आली, भावोजी तिथं कंत्राटात लागले, तरी शिफ्ट बघून सुपारी घ्यायची, पण पार्टी सोडायची नाही. सुपारी म्हणजे वाजवायचं बोलणं पक्कं करणं. लोक खरोखरची सुपारी आणि नारळ घेऊन दारात यायचे.

आणि सामना. तो बघायला तर माणसं झाडावर चढायची. गणपती पोचवायच्या दिवशी किंवा पालखीला दोन पार्ट्या रस्त्यात समोरासमोर आल्या की बाजूला कुणी व्हायचं नाही. भोंग्यासमोर भोंगा. तुम्ही तुमचं गाणं वाजवा, आम्ही आमचं वाजवतो. ज्याचा बेंजोवाला दुसऱ्याच्या गाण्यात घसरला तो हरला, त्यानं गाडी मागं घ्यायची. तासतासभर चालायचं. पोरांचे शर्ट घामानं अंगाला चिकटलेले, ताशावाल्याच्या बोटांतून रक्त, आणि कुणी थांबत नाही.

नव्वद सालानंतर आमचे हे सामना हरेनासे झाले. आधी कधी जिंकायचे, कधी हरायचे. पण मग असं झालं की समोर कुणी का असेना, हे डोळे अर्धे मिटून आपलं गाणं वाजवतायत, एक बोट इकडचं तिकडं नाही. रोह्याकडची पार्टी चिडून दोन भोंगे घेऊन आली, तरी तेच. माणसं म्हणायची, "काय ध्यान हाय बाबाचं! देवच बसलाय अंगात." मीसुद्धा पदरानं तोंड पुसत हसायची. अभिमान वाटायचा हो. तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं ते एका सकाळी. मोडक्या बाजाच्या पेटीतली एक पितळी पट्टी ह्यांनी पत्र्याच्या नळीत बसवली होती. ती फुंकली की एकच सूर निघायचा, त्या सुराला बेंजोच्या तारा जुळवायच्या. हे ओट्यावर बसून पट्टी फुंकत होते आणि चावीनं तार पिळत होते. मी आत चुलीशी. तार वर वर चाललेली, सूर केव्हाच मागं राहिला, आवाज इतका किरटा की ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं. मी हाक मारली, "अहो, बस झालं, तुटंल!" हे पिळतायत. तार तुटली आणि गालावर सपकन बसली. रक्त आलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "तारच खराब निघाली."

मी त्यांच्या पाठीमागं गेले आणि रोजच्या आवाजात विचारलं, "चहा देऊ?" काही नाही. जरा मोठ्यानं विचारलं. काही नाही. मग त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी रडले, आणि तेही त्यांना कळलं नाही.

पेणला एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं, घड्याळ लावून बघितलं आणि मलाच विचारलं, "हे काय काम करतात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "भोंगा सोडा. गेलेलं येणार नाही, उरलेलं तरी राहील. कानात मशीन बसवून घ्या." घरी आल्यावर हे म्हणाले, "कानात मशीन घातलेला बेंजोवाला कदी बगितलास काय तू?" मी मान हलवली, नाय. म्हणाले, "मग? उद्या सगळ्यांना कळलं तर कोण हात लावू दील मला बेंजोला? तो तुजा भावोजी तरी दील काय? मिठागरात माझ्यासारखे पन्नास हायत गो. बेंजोवाला मी एकटाच हाय."

आणि खरं सांगू का, मलाही तेच हवं होतं. बेंजोवाल्याची बायको म्हणून मला हळदीकुंकवात पुढं बसवायचे.

मग मी सूर लावायला शिकले. पट्टी मी फुंकायची, तार मी जुळवायची. लागली की त्यांच्या मांडीवर थाप मारायची, मग पुढची तार. हे सगळं मागच्या पडवीत, दार लावून, कारण बाईनं बेंजोला शिवायचं नाही असा आमच्या पार्टीचा नियम होता. नियम भावोजींचा. एकदा कुणाच्या तरी बायकोनं बेंजो पुसला आणि त्याच दिवशी मशीन जळलं, तेव्हापासून. भावोजी यायच्या आत बेंजो कापडात गुंडाळून ओट्यावर तयार ठेवायची. ते आले की एकदा छेडून बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ह्याचा हात म्हातारपणी जास्तच सुरात लागतोय बगा." मी पाणी आणायला आत जायची.

एकदा पत्ती हातात घेतली की ह्यांना माझीही गरज लागत नसे. गाणी सगळी बोटांत होती. ढोलकीचा ठोका छातीत कळायचा. माणसांचं बोलणं तेवढं कळत नव्हतं. कुणी सुपारी घेऊन आला की मी त्याच्या मागं उभी राहून ह्यांना खुणा करायची. पण मी सगळीकडं कुठं असणार? लग्नघरात, रस्त्यात, टेंपोत? म्हणून मी त्यांना एक युक्ती शिकवली. मीच शिकवली, दुसऱ्या कुणाची नाही ती. म्हटलं, "कळलं नाय तर मान हलवायची आणि व्हय म्हणायचं. नाय म्हटलं की माणूस का म्हणून विचारतो. व्हय म्हटलं की निघून जातो."

चाललं ते. पाच वर्षं चाललं. कधी कुणी विचारायचं, "जेवलात काय?" हे म्हणायचे, व्हय, आणि उपाशी राहायचे. कुणी म्हणायचं, "तुमची पार्टी लई महाग बाबा," हे म्हणायचे, व्हय व्हय. लोकांना वाटायचं, माणूस मानी झालाय, कमी बोलतोय.

मग वरश्याच्या लग्नाची सुपारी आली. माझ्याच माहेरच्या शेजारची आळी. वैशाखातले दिवस. आईला भेटायला मिळेल म्हणून मीही पार्टीच्या टेंपोत बसले, ढोलकी मांडीवर घेऊन. सकाळी बेंजोचा सूर मीच लावला होता. हे लग्नघरी उतरले आणि मी आईकडं गेले. आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुला निरोप मिळाला नसंलच. तुज्या मैत्रिणीचा नवरा गेला गो. परवा."

माझी मैत्रीण म्हणजे जिच्यासोबत मी नदीवर धुणं घेऊन गेले, चिंचा पाडल्या, एकमेकींची लग्नं लावली ती. तिला वरश्यातच दिलेली, आईच्या घरापासून चार घरं सोडून. मी तशीच गेले. ओटीवर पुरुष बसलेले, आत बायका. तिनं मला बघितलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा हात थंडगार, इतक्या उन्हात.

नवरदेवाची मिरवणूक ह्याच आळीतून देवळात जायची होती. दुसरा रस्ता नव्हता. आमच्याकडं त्याचा रिवाज ठरलेला आहे. वाटेत सुतकाचं घर असेल तर त्या घरचा माणूस आधीच जाऊन बेंजोवाल्याला सांगतो. नवऱ्याच्या बापाला नाही, बेंजोवाल्याला, कारण तो थांबला की सगळे थांबतात. मग त्या घराच्या आधी चार घरं वाजप बंद, गाडी नुसती ढकलत न्यायची, आणि चार घरं पुढं गेल्यावर पुन्हा सुरू. त्यासाठी भांडण कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं.

तिचा दीर आत डोकावला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुमच्या मालकांना सांगून आलो हां. दुःख हाय म्हटलं, जरा सांभाळून न्या."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"व्हय म्हणाले. मान हलवली ना त्यांनी."

तेव्हा उठायला पाहिजे होतं. लग्नघर काही लांब नव्हतं, धावत गेले असते तर पोचले असते. पण तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उठायला कारण काय सांगणार? आणि मनात म्हटलं, एखादं वेळी कळलं असेल. तोंडाकडं बघून कळतं त्यांना कधी कधी. दिराचा चेहरा, भादरलेलं डोकं बघितलं असेल की. अशी मी स्वतःला समजावत बसले, आणि लांबून ढोलकी ऐकू आली.

आधी शेजारच्या आळीतून, मग पिठाच्या गिरणीपाशी. गिरणीपाशी थोडा वेळ एकाच जागी, तिथं पोरं नाचत असणार. मी मनात म्हणत होते, आता थांबा, आता थांबा. आळीत शिरल्यावर भिंतीवरची तसबीर थरथरायला लागली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मैत्रिणीनं मान उचलली नाही, फक्त माझं लुगडं मुठीत घट्ट धरलं.

चार घरं आली, तीन आली. थांबले नाहीत.

ओटीवरची माणसं उठली. दारात उभं राहून त्यांनी हात वर केले, बंद करा, बंद करा. भोंग्यापुढं कुणाचं काय ऐकू येणार? आणि मी दारापर्यंत आले तेव्हा जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ह्यांनी त्या हलणाऱ्या हातांकडं बघितलं आणि त्यांना वाटलं, फर्माईश आहे. पाहुणे खूश झालेत. त्यांनी हातानं खूण करून गाडी थांबवली. बरोबर दारासमोर. बेंजो दाराकडं फिरवला, हसले, आणि लग्नातलं सगळ्यात नाचरं गाणं चालू केलं. ज्या घरात पांढऱ्या कपाळाची बाई बसली होती तिच्या दारात.

भावोजींनी ढोलकी थांबवली. त्यांना दिसलं होतं ओटीवर काय आहे ते. ताशा थांबला, खुळखुळा थांबला, नाचणारी पोरं थांबली. एकटा बेंजो वाजत राहिला. छातीतला ठोका बंद झाला तेव्हा कुठं ह्यांनी मान वर केली.

दिरानं ओटीवरून उडी टाकली आणि ह्यांची कॉलर धरली. "मी सांगून गेलो होतो तुला! व्हय म्हणालास! माझा भाऊ गेलाय, आनि तू दारात उभा राहून हसतोस?" मागून आणखी दोघं आले. एकानं भोंग्याची वायर उपटली. एकानं हात उगारला. हे बघतायत, ह्याच्या तोंडाकडं, त्याच्या तोंडाकडं, आणि घाबरून त्यांनी तेच केलं जे मी शिकवलं होतं. मान हलवली. "व्हय," म्हणाले. "व्हय, व्हय."

पहिला फटका कानाखालीच बसला.

मी मध्ये पडले. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "मारू नका! त्यांना ऐकू येत नाय! बहिरे हायत ते, पाच वर्सं झाली!"

वायर तुटली होती, भोंगा बंद होता, सगळी आळी गप्प होती. त्यामुळं ते शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. दिराचा हात खाली आला. त्यानं कॉलर सोडली आणि आपल्याच हाताकडं बघत राहिला. मैत्रीण दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "जाऊ दे भावोजी. जाऊ दे त्यांना." एवढंच.

आमचे भावोजी ढोलकी गळ्यात तशीच लटकलेली घेऊन माझ्यासमोर आले. "वहिनी, पाच वर्सं?"

"व्हय."

"आनि सूर? सूर कोन लावीत होतं?"

माझ्या बोटांवर तारांचे वळ होते, ते त्यांना पहिल्यांदा दिसले असावेत. "म्हंजे मी बोलायचो ते?" ते म्हणाले. "टेंपोत, येताना जाताना, घरचं सगळं सांगायचो त्याला... ते कुनाला सांगत होतो मी?" आणि ते रस्त्यात, गाडीच्या चाकाशी खाली बसले.

ह्यांनी माझा दंड धरला. "काय बोललीस तू? काय सांगितलंस ह्यांना?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, ते ओरडूनच विचारत होते. मी माझ्या कानाला हात लावला आणि मग सगळ्यांकडं बोट दाखवलं. त्यांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी पुढं त्यांच्या शेवटच्या आजारातही बघितला नाही.

नवरदेव बिनबाज्याचा देवळात गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "चार फटके खाल्ले असते मी. दहा खाल्ले असते. म्हटलं असतं, चुकलो, प्यायलो होतो. आठ दिवसांनी परत वाजवलं असतं. प्यालेल्याला लोक माफ करतात गो. तू मला मारून टाकलंस." शेजारच्या चारही घरांना ऐकू गेलं असेल. माझ्याकडं उत्तर होतं, पुष्कळ होती उत्तरं, पण ती मला तितक्याच मोठ्यानं ओरडून द्यावी लागली असती. मी त्यांच्या ताटात भात वाढला.

चौथ्या दिवशी सकाळी भावोजी आले, शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांतच. पुढची सुपारी घेतलेली होती, पेणचा एक पोरगा वाजवायला तयार झाला होता. बेंजो पार्टीचा, त्यामुळं न्यायला आले. नुसते ओट्यावर बसले. ह्यांना कळलं. ह्यांनी बेंजो बाहेर आणला, कापड सोडलं, चावी घेतली आणि एकेक तार ढिली केली. घाई नाही. सगळ्या तारा लोंबेपर्यंत ढिल्या केल्या, आणि मग बेंजो भावोजींच्या मांडीवर ठेवला. पितळी पट्टी दिली नाही.

भावोजींनी माझ्याकडं बघितलं. पंधरवड्यावर लग्न होतं आणि त्यांच्यात सूर लावणारं कुणी नव्हतं. नियमबियम ते विसरले होते, नुसतं बघत होते. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी बेंजो माझ्यापुढं ठेवला असता. मी खांबाला टेकून उभी राहिले.

ते उठले आणि बेंजो काखेत घेऊन बांधावरून निघाले. हे बांधाकडं पाठ करून बसले होते. ढिल्या तारा प्रत्येक पावलाला एकमेकींवर आपटत होत्या. खणखण, खणखण, एखादं पोर डबा वाजवत चाललंय असा आवाज. बांधाचं वळण लांब आहे, आणि त्या दिवशी वारा आमच्याच बाजूला होता.

"गेला काय?" ह्यांनी विचारलं.

मला अजून ऐकू येत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, गेला म्हणून.